खिडकीतली चार पानं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



कमिटीने मला ‘सोसायटीची पंचवीस वर्षे’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून आकडेवारीची अपेक्षा असणं साहजिक आहे. पण आकडे ताळेबंदात आलेले आहेत आणि त्यावर ऑडिटरची सही झालेली आहे. मी आज बोलणार आहे स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल. पुदिना, कोथिंबीर, पानओवा, गवती चहा वगैरे. काहींना वाटेल, आजोबांचं वय झालं. झालंच आहे, चौऱ्याहत्तर. पण या विषयाला कारण आहे, ते आधी सांगतो.

या स्मरणिकेसाठी जुन्या फायली चाळताना एक नोटीस हाती लागली. पंधरा वर्षांपूर्वीची. मजकूर असा: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, खिडक्यांचे कट्टे, ग्रिल व छज्जे यांवर ठेवलेल्या सर्व कुंड्या आठ दिवसांच्या आत काढून टाकाव्यात. अन्यथा कमिटीस योग्य ती कारवाई करावी लागेल.’ खाली सही, सेक्रेटरी. म्हणजे माझी.

जुन्या सभासदांना प्रसंग आठवत असेल. जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस सुरू झाला नव्हता, पण वारं सुटलं होतं. संध्याकाळी मागच्या बाजूला मुलं खेळत होती. एक आठ वर्षांचा मुलगा भिंतीलगत गेलेला चेंडू उचलून वळला आणि त्याच्या मागे धाडकन कुंडी पडली. दोन पावलांचा फरक. मातीच्या कुंडीचा चक्काचूर, आणि मधे गवती चहाचा ठोंब मुळासकट पडलेला. मी धावत खाली गेलो. सगळे वर बघत होते. त्या ओळीत तीन घरांच्या खिडक्यांत कुंड्या होत्या. कुंडी कोणाची, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, “चौकशी करू.” आणि रात्री ती नोटीस लिहिली.

नोटिशीत कुंडी कोणाची हे नाही. आज सांगतो. ती आमची होती.

आमच्या सौ.ला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. सेक्रेटरीच्याच घरची कुंडी पडली हे सांगायची मला लाज वाटली. बँकेत एक रीत असते. संध्याकाळी कॅश शॉर्ट आली, तर ज्याच्या काउंटरला शॉर्ट त्याने ती भरायची. इथे शॉर्ट माझ्या काउंटरला होती आणि भरली सगळ्या सोसायटीने. चार-पाच दिवसांत एकूण एक खिडकी मोकळी झाली.

सगळ्यात जास्त गेलं ते तळमजल्यावरच्या काकूंचं. काकू मूळच्या चिंचणीच्या. त्यांच्या खिडकीत पानओवा, हळद, गवती चहा, काळी तुळस असं सगळं होतं. त्यांच्याच ठोंबातली काडी आमच्या त्या कुंडीत लावलेली होती. नोटीस वाचून त्या मला एवढंच म्हणाल्या, “भाऊ, माझी कुंडी पडून कुणाच्या डोक्यावर पडायची? खाली तर जमीनच आहे.” मी उत्तर दिलं, “नियम सगळ्यांना सारखा, काकू.” काकूंनी कुंड्या काढल्या. जाताना पानओव्याची एक फांदी आमच्या सौ.च्या हातात दिली आणि म्हणाल्या, “पेल्यात पाणी घालून आतल्या बाजूला ठेव. नोटीस बाहेरच्या कट्ट्याची आहे.” ती फांदी जगली. आज आमच्या खिडकीत जे काही आहे त्याची सुरुवात तिथून आहे. काकू पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काकू, पंधरा वर्षं उशीर झाला, पण सगळ्यांसमोर माफी मागतो. आणि तो मुलगा आता इंजिनीअर झाला आहे, हा माईक त्यानेच लावून दिलाय. त्याचीही माफी मागतो.

आता मुद्द्याकडे येतो. कारण नुसती माफी मागून खातं बंद होत नाही, काहीतरी भरणा करावा लागतो. मी गेली सहा वर्षं जे शिकलो ते भरतो.

सहा वर्षांपूर्वी सौ.च्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. त्या खुर्चीत बसून सूचना द्यायच्या, मी अंमलबजावणी करायचो. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की आपण बाजारातून कोथिंबिरीची अख्खी जुडी आणतो, वरणावर चार काड्या चिरून घालतो आणि उरलेल्यातली निम्मी फ्रिजमध्ये काळी पडते. पुदिन्याचंही तेच. लागतात चार पानं, विकत घ्यावी लागते पेंढी. तेव्हा ठरवलं की ही चार पानं खिडकीत लावायची. पण बाहेर नाही, आत.

आत का, ते आकड्यातच सांगतो. आठ इंची कुंडी ओल्या मातीसकट पाच-सहा किलो भरते. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साधारण तीस फुटांवरून, ती खाली यायला दीड सेकंदही लागत नाही. जमिनीशी तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. हे गणित माझ्या नातवाने करून दाखवलं, तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. गवती चहासारखं उंच पात्याचं झाड तर वारा धरतं. म्हणून ग्रिलच्या बाहेर, छज्जावर, एसीच्या युनिटवर काहीही ठेवायचं नाही. आतल्या कट्ट्यावरसुद्धा कुंडी हातभर आत, सरकत्या काचेच्या अलीकडे आणि शेगडीपासून लांब. खाली ताटली हवीच, नाहीतर आपलं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं आणि मग कमिटीकडे अर्ज येतात. असे अर्ज मी पुष्कळ वाचलेत.

ताटलीत साचलेल्या पाण्यात डासांची अंडी होतात. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला लागेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून सांगतं ते यासाठीच. आमच्याकडे रविवारी सकाळी सगळ्या ताटल्या ओतून, घासून, पुसून ठेवतात. ठेवतात म्हणजे मीच ठेवतो.

आता खिडकी कुठल्या दिशेची, हे बघा. पूर्वेची असेल तर नशीबवान. सकाळचं कोवळं ऊन सगळ्याला चालतं. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर भट्टी होते, तिथे जुनी पातळ साडी आडवी बांधा. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरात ऊन पार ओट्यापर्यंत येतं आणि मे महिन्यात तीच सावलीत जाते. उत्तरेची असेल तर तुळशीचा हट्ट धरू नका, ती उन्हाविना नुसती काडीसारखी वाढते. तिथे पुदिना लावा, त्याला अर्धी सावली मानवते.

माती नुसती भरू नका, ती दगडासारखी बसते. एक भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट. कुंडीला खाली भोक हवं. पाणी किती, हा मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर राहू द्या. मी सुरुवातीला हौसेने दिवसातून तीनदा पाणी घालून पानओवा कुजवला होता. सौ. म्हणाल्या, “अहो, ते झाड आहे, गिऱ्हाईक नाही. सारखं विचारपूस नको.” पावसाळ्यात तर आपल्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की दोन-तीन दिवसांआड पाणीही पुरतं.

पहिल्यांदाच करणाऱ्याने मेथीपासून सुरुवात करावी. मुंबईपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत समुद्रमेथी मिळते ना, बोटभर उंचीच्या लहान लहान जुड्या, पांढऱ्या मुळांसकट? ती रेतीच्या वाफ्यात केलेली मेथीच, फक्त कोवळी उपटलेली. तोच प्रकार घरी करायचा. मिठाईचा रुंद प्लॅस्टिकचा डबा, तळाला भोकं, तीन बोटं रेतीमिश्रित माती. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पसरायचे आणि वर पातळ मातीचा थर. दोन-तीन दिवसांत अंकुर, दोन आठवड्यांच्या आत भाजी. लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परतायची. शिजून मूठभरच होते, पण एका माणसाला भाकरीबरोबर पुरते. मुलांना हे काम द्या. इतक्या लवकर निकाल लागणारी दुसरी परीक्षा नाही.

त्याहून सोपी लसणाची पात. कोंब फुटलेल्या, टाकून देण्याजोग्या पाकळ्या टोक वर करून मातीत खोचायच्या. दहा-बारा दिवसांत पात कापायला येते. दोनदा कापता येते, तिसऱ्यांदा जोर राहत नाही. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आम्हाला ती ठेच्यात आणि बाजरीच्या भाकरीबरोबर लागते. आपल्या शेजारच्या विंगमधल्या बेन हिवाळ्यात तीच उंधियूत घालतात.

कोथिंबिरीने मला दोन वर्षं दमवलं. अख्खे धने पेरले, पंधरा दिवस वाट बघितली, दोनच रोपं आली. मग कळलं की प्रत्येक धन्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचं आणि मग पेरायचं. आठ-दहा दिवसांत उगवते, सव्वा महिन्यात कापणीला येते. कुंडी निदान सहा इंच खोल हवी, कारण तिचं मूळ सरळ खाली जातं. एकदा उगवलेलं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर रुसतं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पेरा. उन्हाळ्यात ती घाईघाईने फुलावर येते आणि पानं बारीक होतात, तेव्हा आपली चूक शोधत बसू नका.

पुदिना विकतच्या पेंढीतूनच होतो. चार जाड काड्या निवडायच्या, खालची पानं काढायची, पेल्यात पाणी घालून ठेवायच्या. पाणी एक दिवसाआड बदलायचं. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं सुटतात. मग मातीत. पण त्याला वेगळं घर द्या. तो मुळं पसरत जातो आणि शेजाऱ्याची जागा खातो. बँकेत असे कर्जदार असायचे. थोडं दिलं की हातपाय पसरायचे.

पानओव्याची फांदी खोचली की लागते. जाड पानांत पाणी साठलेलं असतं, म्हणून पाणी कमी. गवती चहा मात्र मोठ्या कुंडीत, जमिनीवर ठेवायचा, मग ती बाल्कनीत असो की तळमजल्याच्या दारात. खिडकीच्या कट्ट्यावर तो कधीच नको, याला साक्षीदार मी आहे. हळदीचा गड्डा मे महिन्यात लावला तर श्रावणात पातोळ्यांपुरती पानं मिळतात. कढीपत्त्याला खोल कुंडी आणि भरपूर ऊन हवं. दोन-तीन वर्षं सांभाळा, मग आवारात लावा. आपल्या पाण्याच्या टाकीमागचा कढीपत्ता तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी वहिनींनी असाच वाढवून लावलेला आहे, आणि आज त्यावर सर्व सभासदांचा ओव्हरड्राफ्ट चालू आहे!

खुडण्याची एक रीत आहे. वरचा शेंडा, दोन पानांच्या जोडीच्या अगदी वर, नखाने तोडायचा. तिथून दोन फांद्या फुटतात. खालची मोठी पानं ओरबाडली तर झाड बसतं. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर काढल्या तर पानं येत राहतात. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नका. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर जगायचं.

भांड्यात कोणतं पान कधी पडतं, हेही मला सौ.नेच शिकवलं. चिवट पान आधी, कोवळं शेवटी. कढीपत्ता तापलेल्या तेलात. गवती चहा साखरेच्याही आधी पाण्यात, दोन-तीन मिनिटं उकळून मग चहापत्ती. कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, पण तिच्या काड्या टाकायच्या नाहीत, त्या वाटणात घालायच्या, वास त्यातच जास्त. पुदिना शिजवायचाच नाही. ताकात चुरडायचा किंवा एप्रिलमध्ये कैरीबरोबर वाटायचा. पानओव्याची भजी पावसाळ्यात. डाळीच्या पिठात चमचाभर तांदळाचं पीठ घाला, कुरकुरीत होतात. मुलांना खोकला झाला की काकू पान गरम करून रस मधातून द्यायच्या. आमच्या घरीही देतात. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, आणि खोकला लांबला तर डॉक्टरकडे जा. खिडकी म्हणजे दवाखाना नाही.

एक गोष्ट आपल्या गावापुरती. आपण पाममध्ये राहतो, शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तिचं नाव अगदी वर होतं, हे आपण विसरायचं नाही. पोट त्या वसाहतीवर आणि अणुऊर्जा केंद्रावर भरलं, पण खिडकीच्या पट्टीवर रोज धूळ बसते ती आपण पुसतोच ना? तीच पानांवर बसते. म्हणून पान खुडलं की वाहत्या पाण्यात दोनदा धुवा, आणि आठवड्यातून एकदा झाडालाही नळाखाली आंघोळ घाला. त्याने मावाही धुऊन जातो. पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब. मग आठवडाभर ती पानं खाऊ नका. खाण्याच्या झाडावर दुकानातलं जहाल औषध तर मुळीच नको.

शेवटी जमाखर्च. सवयीने मी वही ठेवली होती. पहिल्या वर्षी खातं तोट्यात. कुंड्या, खत, माती, मेलेली रोपं धरली तर बाजारातली कोथिंबीर स्वस्त पडली असती. आज सहा वर्षांनी जेमतेम बरोबरीत आहे. तेव्हा पैसे वाचतात असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण वहीच्या दुसऱ्या बाजूला मी एक नोंद ठेवत गेलो: कोणाकडून काय आलं. हळदीचा गड्डा काकूंचा. कढीपत्त्याचं रोप केरळी वहिनींचं. लसणाची युक्ती बेनची. पुदिन्याच्या चटणीत भाजलेलं जिरं घालायचं, हे पाटण्याच्या भाभीजींचं. १९६९ साली तारापूरचं अणुऊर्जा केंद्र सुरू झालं, मग कारखाने आले, आणि कुठून कुठून माणसं इथे आली. आपल्या एका इमारतीत इतक्या मुलखांच्या फोडण्या आहेत, आणि त्या नोटिशीने मी पंधरा वर्षं एकमेकांच्या खिडकीतली देवघेव बंद करून ठेवली होती. तोटा म्हणायचा तर तो हा आहे, आणि तो कुठल्याही ताळेबंदात दाखवलेला नाही.

ती नोटीस अजून रद्द झालेली नाही, फाईलमध्ये तशीच आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: जुनी नोटीस रद्द करावी. ग्रिलच्या बाहेर, छज्जावर काहीही ठेवू नये, यात कोणालाही सवलत नाही, माजी सेक्रेटरीलाही नाही. आतल्या कट्ट्यावर ताटलीसह कुंडी ठेवायला मुभा असावी. तळमजल्याच्या सभासदांनी जाण्या-येण्याची वाट सोडून आपल्या दारात जमिनीवर कुंड्या ठेवाव्यात. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदक मिळेल अशी आशा आहे.

निघताना दाराशी टेबलावर पानओव्याच्या फांद्या ओल्या कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. घरटी एक न्यावी. सगळ्या काकूंच्या त्या एका फांदीच्या आहेत.

 

(ता. क. भाषण संपल्यावर काकूंनी बसल्या जागेवरून हात वर केला आणि म्हणाल्या, “अनुमोदन मी देते. पण आधी माझी गवती चहाची कुंडी भरून द्या.” दुसऱ्या दिवशी सकाळी भरून दिली आहे. पोच घेतलेली नाही.)